आठ जणांची नावं: एका गावच्या ‘लढाईच्या दगडा’मागचा शोध

(गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ज्या तपशिलांवरून घर ओळखू येईल ते बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं गाव. जुन्या चावडीच्या दर्शनी भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला होता. मजकूर इंग्रजी आणि अगदी थोडका: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला ६३ पुरुष गेले, त्यांपैकी ८ जणांनी प्राण दिले. दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी पंचायतीचा रंगारी त्या अक्षरांत काळा ऑइलपेंट भरायचा. गावात त्याला ‘लढाईचा दगड’ म्हणत. रस्ता रुंद करताना चावडी पाडली, तेव्हा एका माजी सैनिकानं तो ट्रॉलीत घालून घरी नेला. पुढची दोन वर्षं तो त्याच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता.

अशा दगडांचं साताऱ्यात नवल नाही. अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं मारली गेली. आमच्या गावाचा आकडा त्यापुढे लहान, म्हणून त्याकडे कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

माजी सैनिक संघटनेनं ठरवलं की नवं स्मारक बांधायचं, आठही नावं कोरायची आणि अनावरणाला त्या आठ घरांतली माणसं मानानं पुढं बसवायची. २६ जानेवारी ही तारीखही त्याच बैठकीत ठरून गेली. हातात सात महिने होते. शोधाचं काम तिघांवर आलं: एक निवृत्त सुभेदार (आम्ही त्यांना आबा म्हणतो), कॉलेजात इतिहास शिकणारी गावातलीच एक मुलगी आणि मी. मी शाळामास्तर होतो आणि मोडी अडखळत का होईना वाचतो, एवढीच माझी पात्रता.

अडचण

दगडावर नावं न लिहिणं ही त्या काळची रीतच होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली नुसत्या संख्येनं मांडले. त्यांची नावं वेगळ्या वह्यांत राहिली. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ च्या अहवालात हे स्वतःच कबूल केलं. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन वगैरे मिळून ४५ ते ५४ हजार मृतांच्या वाट्याला अशी दुजाभावाची वागणूक आली, असा त्यांचा अंदाज आहे. तिथं आकडा आणि आमच्या चावडीवरही आकडाच.

गावाच्या आठवणीत त्या सगळ्या युद्धाला एकच शब्द आहे, ‘बसरा’. फ्रान्सला मेलेलाही बसऱ्यालाच गेलेला. त्याला कारणही आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून तिकडे गेल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत, नाहीतर रेल्वेच्या कामावर मेली. म्हणून ‘बसऱ्याला गेला’ याचा आमच्याकडे अर्थच ‘परत आला नाही’ असा होतो. शोधाला मात्र या शब्दाचा काडीचा उपयोग नव्हता.

त्यात तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कागदावर ‘सातारा’ असलेलं गाव आज सांगलीत असू शकतं, हे आम्हाला माहीत होतं. माहीत असूनही आम्ही त्यातच फसलो. ते पुढं येईल.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे जुना दगड धुऊनपुसून तसाच बसवायचा. खर्च कमी, चूक शून्य. आबांना हे अजिबात पटलं नाही.

दुसरा, गावात दवंडी द्यायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं: ज्यांच्या घरचं कुणी गेलं असेल त्यांनी नाव द्यावं. हा सरपंचांचा आवडता पर्याय होता. मला भीती होती की आठाच्या जागी पंचवीस नावं येतील आणि सतरा घरं दुखावतील.

तिसरा, आधी कागद धुंडाळायचे आणि कागदावरून घर गाठायचं. यात वेळ जातो आणि ज्यांचा कागद नाही ती माणसं सुटतात.

शेवटी तिसऱ्यापासून सुरुवात करायची आणि एक नियम पाळायचा असं ठरलं: एक कागद आणि त्याच्याशी संबंध नसलेली दुसरी एक खूण जुळली, तरच नाव दगडावर. खूण म्हणजे पदक, फेरफार किंवा घरात चालत आलेली अशी आठवण, जी आमच्या तोंडून ऐकलेली नाही. या शेवटच्या अटीनं फार वाचवलं. आपण घरात शिरल्या शिरल्या नाव सांगितलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणेच ‘हां, हां, तेच ते’ म्हणतो.

काय केलं

कमिशनची यादी संगणकावर फुकट पाहता येते. शिपायाच्या नोंदीत बरेचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. पण ते सगळं पलटणीतल्या कारकुनानं कानानं ऐकून रोमन लिपीत उतरवलेलं. आमच्या गावाचं नाव आम्ही अकरा प्रकारे लिहून शोधलं. त्या मुलीनं पलटणवार याद्या काढल्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ आणि तिनंच आग्रह धरला म्हणून १११. चौदा नोंदी हाती लागल्या. तालुका न जुळणाऱ्या गाळल्यावर सात उरल्या.

मग तहसीलचं रेकॉर्ड. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं ‘कोतवाल बुक’, सध्या सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालंय ते कुणबी नोंदींच्या शोधामुळं. २०२३ पासून त्यासाठी मोडी दप्तरं बाहेर निघाली, स्कॅन झाली, त्याचा आम्हालाही फायदा झाला. तोटाही तेवढाच. आम्ही कुणाच्या दारात जाऊन पणजोबांचं नाव विचारलं की पहिला प्रश्न यायचा, “दाखल्याचं काम हाय का?” काहींनी तयार वंशावळ पुढं केली, काहींनी दार लावून घेतलं. शेवटी आबा त्या दगडाचा फोटो मोठा करून सोबत घेऊन फिरू लागले. आधी फोटो, मग प्रश्न.

कोतवाल बुकात आम्ही सव्वा महिना घालवला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: त्यात गावात झालेले मृत्यू असतात. कुतला मेलेला माणूस तिथं सापडायचा कसा? मोडी वाचायला मिळतेय या हौसेपायी मी हा साधा विचार केला नाही.

उपयोगी पडले ते फेरफार. तिथंही शिपाई सरळ भेटत नाही. तो विशीतला पोरगा, जमीन बापाच्या नावावर. बाप पुढं १९२०-३० च्या दरम्यान वारला, की वारस नोंदीत मुलांची नावं येतात. दोन घरांत तोंडी परंपरेनं भाऊ तीन सांगितले जात होते आणि नोंदीत दोन निघाले. जो गळाला होता तोच कमिशनच्या यादीत बापाच्या नावासकट होता. तिसऱ्या एका नोंदीत तर ‘लष्करात मयत’ असे स्पष्ट शब्द होते. अशी तीन नावं दिवाळीच्या आधी पक्की झाली. त्यांतल्या एका घरी पदकही होतं. त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. भिंग लावून वाचून दाखवलं, तेव्हा घरातल्या नातवानं ते मोबाइलच्या उजेडात पुन्हा पुन्हा वाचलं.

चौथ्या नावाला घर मिळेना. भावकीच्या वंशावळीत तो नव्हताच. मग ती मुलगी म्हणाली, “मास्तर, तुम्ही सगळे पुरुषांनाच विचारताय.” गौरीला माहेरवाशिणी आल्या होत्या, तेव्हा तिनं घरोघरी जाऊन पदकाचा आणि एका ब्राँझच्या थाळीचा फोटो दाखवला होता. युद्धानंतर मृतांच्या घरी अशी थाळी पाठवत असत: साधारण १२ सेंटीमीटर व्यास, शिरस्त्राण घातलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक मानलेली स्त्री), जवळ त्रिशूळ, पुढं सिंह, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा लिहीत नसत. एक माहेरवाशीण फोटो पाहून म्हणाली, ही तर आमच्या शेजारच्या आजींच्या देव्हाऱ्यात आहे.

शेजारच्याच तालुक्यातलं ते गाव. आजी ऐंशीच्या पुढच्या. “अवो, ही सासूबाईंची देवी हाय. म्हायेरास्नं आणलेली.” सिंह आहे, त्रिशूळ आहे, बाई आहे, देवीच. शंभर वर्षं चिंचेनं घासून आणि हळदकुंकू लावून तिचा चेहरा गुळगुळीत झाला होता. नावाची चौकट मात्र खोलगट, म्हणून थोडी शिल्लक होती. कागद ठेवून शिसपेन फिरवली तेव्हा नाव उमटलं. तो आमचाच चौथा. त्याला एकच मुलगी होती, ती लग्न होऊन या घरी आली आणि बापाची थाळी घेऊन आली. वंशावळीत मुली लिहीत नाहीत. ज्याला मुलगी तेवढी होती, तो शिपाई कागदोपत्री निपुत्रिक ठरून भावकीच्या आठवणीतूनही गेला होता.

आम्ही आजींना ती ब्रिटानिया असल्याचं सांगितलं नाही. आबांनी नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

पाचवं नाव १११ महार पलटणीतलं. ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात महारांची भरती थांबवली होती. महायुद्धात माणूस कमी पडायला लागला तेव्हा, १९१७ मध्ये, ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. आमचा शिपाई छावणीत आजारानं गेला होता आणि त्याची नोंद दिल्लीच्या इंडिया गेटच्या यादीत होती. गावच्या बैठकीत मी हे नाव वाचलं तेव्हा एक क्षण कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, “आठात हे धरलेत का?” दगडावर ‘या गावातून’ असं आहे, एवढंच आबा म्हणाले.

त्या घरातलं गावात आता कुणी राहत नाही. आडनावही बदललेलं. गावाचं मुंबईत मंडळ आहे, पण त्या आळीचं मंडळ वेगळं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांच्या जयंतीच्या वर्गणीच्या जुन्या वह्यांवरून एक घर सापडलं. तिथले गृहस्थ गिरणीतून बाहेर पडलेले, आता थकलेले. त्यांनी आपल्या आज्याच्या भावाचं नाव आमच्या आधी सांगितलं आणि म्हणाले, “पलटणीत तापानं गेला, असं आजी सांगायची. तुमच्या दगडाचं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.” महार वतनाच्या जुन्या कागदात बापाचं आणि भावांचं नाव जुळलं.

चुकलेलं घर

सहावी नोंद दिसायला सगळ्यात सोपी होती. गावाचं नाव नेमकं, जिल्हा सातारा, आडनाव गावातलं मोठं आडनाव. तालुक्याचा रकाना अर्धवट होता, पण डिसेंबर उजाडला होता. एका घरानं सांगितलं, आमचा चुलत पणजा बसऱ्याला गेला. बापाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. आम्ही होकार देऊन मोकळे झालो. त्या घरानं दुसऱ्याच दिवशी नैवेद्य केला, लेकींना बोलावणं धाडलं.

दहा दिवसांनी त्या मुलीला त्याच शिपायाची पलटणीच्या वहीतली नोंद मिळाली. तालुका आज सांगली जिल्ह्यात असलेला, आमच्याच नावाचं दुसरं गाव. सांगायला मी आणि आबा गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी चहा दिला आणि विचारलं, “मग आमचा पणजा कुठं गेला?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा माणूस गेलाच असणार. घराची आठवण खोटी नव्हती. आम्ही चुकीचा कागद त्यांच्या माणसाला डकवला होता.

सांगलीतल्या त्या दुसऱ्या गावाला आम्ही नोंद कळवली. तिथं त्या शिपायाचं घर निघालं, हाच काय तो दिलासा.

निर्णयाच्या जागा

सातव्या नोंदीला कागद दोन होते, घर एकही नव्हतं. नियमाच्या अक्षरात ते बसत होतं. पण नातेवाईक नसताना नाव कोरायचं का, यावर वाद झाला. मी कोरावं या बाजूनं होतो. ज्याचं कुणी उरलं नाही त्यालाच वगळायचं, हे उलटं झालं असतं. नाव कोरलं.

एका शिपायाची बायको नंतर पाट लावून दुसऱ्या घरी गेल्याचं फेरफारात होतं. तिच्या दुसऱ्या घरची माणसं आम्हाला सापडलीही. पहिल्या घराला ही गोष्ट नको होती, दुसऱ्याला चालणार होती. आम्ही दोन्ही घरांना बोलावलं आणि पत्रिकेत नातं लिहिलं नाही. हे बरोबर केलं की पळवाट काढली, याबद्दल मी अजून साशंक आहे.

आणखी एक जण कैदेतून आजारी होऊन परतला आणि १९१९ मध्ये गावातच वारला. कोतवाल बुकात सापडलेला तो एकटाच. कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतं आणि युद्धातल्या कारणानं पुढं झालेला मृत्यूही पुरावा असेल तर मानतं. आमच्याकडे त्याच्या पलटणीतून सुटल्याचा (डिस्चार्जचा) कागद नव्हता. मी नको म्हणालो. समितीनं त्याचं नाव खाली वेगळ्या ओळीत, ‘युद्धातून आजारी परतून गावी निधन’ असं घेतलं. आता तो दगड पाहताना वाटतं, समितीचंच बरोबर होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका शब्दावर. कोनशिलेच्या मसुद्यात ‘हुतात्मा’ होतं. गावातल्या एका स्वातंत्र्यसैनिकाच्या नातवानं आक्षेप घेतला: माझ्या आज्यानं बेचाळीसला इंग्रजांविरुद्ध भूमिगत राहून हाल सोसले, इंग्रजांच्या पगारावर मेलेल्यांना तोच शब्द कसा? प्रतिसरकारच्या जिल्ह्यात हा प्रश्न उडवून लावता येत नाही. आबा चिडले. मला त्या नातवाचं म्हणणं अर्धं पटलं. दुष्काळात पोटासाठी पलटणीत गेलेल्या पोरांना आपण मरणानंतर एखादं कारण चिकटवू नये. शेवटी ‘महायुद्धात मृत्यू पावलेले या गावचे सैनिक’ एवढंच लिहिलं. नातू अनावरणाला आला आणि मागं उभा राहिला.

निष्पत्ती

२६ जानेवारीला स्मारक उभं राहिलं. सहा नावं, त्याखाली दोन रिकाम्या ओळी, मग ती वेगळी ओळ. सहांपैकी पाच जणांची घरं हजर होती. मुंबईचे गृहस्थ मुलाबरोबर आले. देव्हाऱ्यातली थाळी घेऊन आजी आल्या आणि पहिलं फूल त्यांनी वाहावं असं ठरलं होतं. भावकीत थोडी कुरबुर झाली: लेकीच्या घरचा मान आधी का? आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. चुकलेल्या घरातलं कुणी आलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तारीख शोध संपल्यावर ठरवावी. सहाव्या नोंदीची चूक अर्धी माझी आणि अर्धी २६ जानेवारीची. आणि दोन्ही खुणा जुळेपर्यंत घराला ‘तुमचाच’ हा शब्द उच्चारू नये. ‘आम्ही शोधतोय’ इतकंच म्हणावं.

विचारपूस लेकीसुनांपासून सुरू करावी. आम्ही तिथं तिसऱ्या महिन्यात पोचलो, तेही कॉलेजातल्या मुलीमुळं. गावाच्या मुंबईकर मंडळांची संख्या आधी मोजावी, सगळ्या आळ्यांची. हेळव्यांकडे आम्ही गेलोच नाही, हीदेखील मोठी चूक. दक्षिण महाराष्ट्रात बैल घेऊन फिरणारे हेळवी घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या राखतात. चुकलेल्या घराचा पणजा कदाचित त्यांच्या चोपडीत असेल. येत्या सुगीनंतर आमच्या भागात त्यांचा फेरा आहे, तेव्हा बसायचं ठरलंय.

आणि दगड आधी धुवावा. आम्ही तो सगळ्यात शेवटी धुतला, बसवायच्या आदल्या आठवड्यात. ऑइलपेंटचे थर खरवडले तेव्हा कळलं, गेलेल्यांचा आकडा ६३ नव्हता, ६८ होता. रंगाऱ्यानं कधीतरी आठाचा तीन केला आणि पुढचे तोच गिरवत आले. मेलेल्यांचा ८ मात्र खरवडूनही ८ च राहिला.